फ्रीझरमधलं झबलं

सुनिवाचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये पालथा पडून बेसिनखालचा सापळा बघत होतो. एकाहत्तराव्या वर्षी पालथं पडणं जमतं, उठणं जमत नाही. म्हणून तसाच पडून फोन कानाला लावला.

"बाबा, धापा का टाकतोयस?"

"सापळा बघतोय. रविवार ना आज."

"किती?"

"दोन. एक मोठी, एक अगदी बारकी."

तिच्या मागे इल्वा रडत होती. इल्वा माझी नात. जन्माला येऊन तिला तीन महिने झाले होते आणि तोवर मी तिला फक्त फोनच्या काचेत पाहिली होती.

दोन म्हणजे दोन कसरी. जुन्या पुस्तकांतून सुळकन पळणारी चंदेरी कसर सगळ्यांना माहीत असते. गेल्या काही वर्षांत आमच्या नॉर्वेत घराघरांत शिरलीय ती तिची थोरली बहीण. रंग करडा, शेपटी लांब, तोंडाशी केस, म्हणून तिला दाढीवाली म्हणतात. ती चावत नाही, आजार आणत नाही. कागद खाते, पिठाचे कण खाते, कपड्याची खळ खाते आणि पार्सलच्या पुठ्ठ्यात बसून या घरातून त्या घरात जाते. आमची घरं हिवाळाभर उबदार, बाथरूमची फरशीसुद्धा गरम. तिला आणखी काय हवं? एकदा आली की मुक्काम ठोकते. नुसती असते, एवढाच तिचा गुन्हा. पण तेवढ्यावरून लोकांनी घराचे सौदे मोडलेत, पाहुणे टाळलेत. आता सगळा देश पार्सलं घराबाहेर उघडतो. उणे पंधरात पायरीवर उभं राहून, हातमोजे काढून, गारठलेल्या बोटांनी चिकटपट्टी ओरबाडायची, आतली वस्तू झटकायची आणि खोका तसाच कचऱ्याच्या पिंपात टाकायचा. मीही तेच करत होतो. सायकलींच्या शेडमध्ये उभा राहून लोकरीचे मोजे झटकताना मला सोसायटीतल्या सगळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मी अडतीस वर्षं पोस्टमन होतो! नोटोडेनमधल्या, म्हणजे आमच्या गावातल्या, अर्ध्या घरांत खोके मीच नेऊन दिले. लोक दार उघडून हसायचे, कॉफी विचारायचे. खोका आत घ्यायला कुणी घाबरत नव्हतं.

पहिली कसर मला ऑक्टोबरात सापडली, बेसिनमध्ये. दुसऱ्या कुणीही चपलेने विषय संपवला असता आणि तोंड मिटून बसला असता. मी ती ग्लासाखाली झाकली आणि गुनवोरला बोलावून आणलं. गुनवोर आमच्या सोसायटीची चेअरमन, वरच्या मजल्यावर राहते, जीभ धारदार पण मन साफ. चष्मा कपाळावर चढवून तिने ग्लासात डोकावून पाहिलं.

"टोर्लाइफ, अख्ख्या गावाला पार्सलं वाटलीस, शेवटचं स्वतःच्या घरी घेऊन आलास होय?"

"मी सगळी बाहेर उघडतो. तू बघतेस."

"बघते ना. आणि तळघरात काय आहे ते?"

तळघरात केळ्यांचे खोके होते. शाळेच्या बँडपथकासाठी दर शरद ऋतूत जुन्या वस्तूंची विक्री असते. न विकलेलं सामान दुकानातून आणलेल्या केळ्यांच्या खोक्यांत भरून पुढच्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी तळघरात ठेवायचं. आमच्या तळघरात ते पंचवीस वर्षं येत होतं. सुनिवा त्या पथकात क्लॅरिनेट वाजवायची तेव्हा मार्गिटने, माझ्या बायकोने, हो म्हटलं होतं. सुनिवा मोठी झाली, उत्तरेला आल्टाला गेली, मार्गिट दोन वर्षांपूर्वी वारली, खोके येतच राहिले. नाही म्हणायचं कसं, हे मला कळलं नाही. मोज्यांचं एक पाकीट मी थंडीत कुडकुडत झटकत होतो आणि तळघरात कुठून कुठून आलेले चाळीस खोके स्वतःच्या हाताने रचून ठेवत होतो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

मग कंपनीची माणसं आली, भिंतीच्या कडेने विषाचे बारीक ठिपके लावून गेली, बाराही घरांत चिकट सापळे ठेवून गेली. केळ्यांचे खोके हलवले. बाकीच्या घरांतले सापळे नाताळपर्यंत रिकामे झाले. माझे होईनात.

कसर निघाल्याचं मी ऑक्टोबरात त्याच आठवड्यात सुनिवाला आणि योस्टाइनला सांगून टाकलं. योस्टाइन माझा जावई. लग्न केलेलं नाही त्यांनी, पण जावईच म्हणायचं. तो विम्याच्या कंपनीत आहे आणि त्याच्या टेबलावर दिवसभर हीच प्रकरणं येतात: कुणाच्या घरात कसर निघाली, कोण कुणाला कोर्टात खेचतंय. डॉक्टरांच्या घरात जसं सारखं हात धुणं चालतं, तसं त्याच्या घरात पुठ्ठ्याचं. पुठ्ठा उंबरठा ओलांडत नाही. पार्सल गॅरेजमध्ये उघडायचं, खोका तिथूनच बाहेर, वस्तू प्लॅस्टिकच्या डब्यात घालून थंडीत ठेवायची. मुलगा वाईट नाही. आवाजसुद्धा चढवत नाही कधी.

"टोर्लाइफ, तुझ्यावर शंका नाही रे," तो तेव्हा म्हणाला होता. "पण किड्याच्या दृष्टीने माणूससुद्धा पार्सलच. बॅगेच्या शिवणीत, बुटाच्या तळाखाली, कसर कुठेही बसून येते. तुझे सापळे तीन महिने रिकामे राहू देत. मग ये, महिनाभर राहा."

नाताळचं तिकीट मी रद्द केलं. दर रविवारी सापळ्याचा फोटो काढून योस्टाइनला पाठवायचा असं ठरलं. मी पाठवत होतो. एक, तीन, एक, दोन. पाकिटातून कोरा सापळा काढावा आणि त्याचा फोटो पाठवावा, हे मला सुचलंसुद्धा नाही. गुनवोरने सुचवलं तेव्हा मला तिचाच राग आला.

"पोलिसांत होतास की पोस्टात?" ती म्हणाली. "नातीला बघायचंय ना तुला? मग?"

"खोटं बोलून बघू?"

"नको. खरं बोल आणि फोनमध्ये बघ."

तर त्या रविवारी मी पालथा पडलेला होतो आणि सुनिवा म्हणाली, "बाबा, बाप्तिस्मा ठरला. मार्चचा दुसरा रविवार."

"छान," मी म्हणालो.

"झबलं पाठवशील? पोस्टाने?"

मी उठून बसलो. कसा उठलो ते माहीत नाही.

हे झबलं मार्गिटच्या माहेरचं. तिच्या आजीने शिवलेलं, पांढरं, बाळाच्या दुप्पट लांब, खाली लेस आणि लेसच्या वरच्या पट्टीवर आजवर ज्या ज्या बाळाने ते घातलं त्याचं नाव आणि साल पांढऱ्याच धाग्याने भरलेलं. अठरा नावं. सुनिवाचं सोळावं. ते पोस्टाने कधी गेलेलं नाही. ज्याच्या घरी असेल त्याने ते मांडीवर ठेवून न्यायचं, आणि ज्याने झबलं नेलं त्यानेच बाळाला उचलून पुढे, पाण्याच्या कुंडापर्यंत, न्यायचं. त्यांच्या घराण्याचा रिवाज हा. चर्चच्या पुस्तकात नसेल, पण त्यांच्याकडे यावरून भांडणं झालेली आहेत.

मार्गिट दवाखान्यात होती तेव्हा सुनिवाला दिवसही गेले नव्हते. तरी एके दुपारी मार्गिट मला म्हणाली, "कधीतरी होईल तिला मूल. झबलं तू घेऊन जा, टोर्लाइफ. मग त्यांना बाळ तुझ्या हातात द्यावंच लागेल. नाहीतर तू कोपऱ्यात जाऊन उभा राहशील, मला माहीत आहे."

"आणि माझ्या हातून पडलं तर?"

"अडतीस वर्षांत एक तरी पार्सल पाडलंस का?"

"बरीच पाडली."

ती इतकी हसली की नर्स आत आली. तिचं ते शेवटचं मोठ्याने हसणं. तेव्हापासून मला आयुष्यात एवढंच एक काम उरलं आहे असं वाटायचं: झबलं न्यायचं आणि बाळ उचलायचं.

"झबलं पोस्टाने जात नाही," मी सुनिवाला म्हणालो.

"बाबा, तू स्वतः पोस्टमन."

"म्हणूनच सांगतोय. पार्सलं आम्ही कशी फेकतो ते मला माहीत आहे."

ती हसली, आणि मग तिचा आवाज बदलला. "मला काय वाटत नाही का रे? आई नाही, निदान तू तरी... पण आता दोन निघाल्या म्हणतोस. मी योस्टाइनला काय सांगू? थांब, त्याच्याशीच बोल."

योस्टाइनने फोन घेतला. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हणालो, झबलं फ्रीझरमध्ये ठेवतो, पाहिजे तितके दिवस. माझे सगळे कपडे ठेवतो. बूट ठेवतो. बॅग नवी घेतो, प्लॅस्टिकची. तुझ्या गॅरेजमध्ये उभा राहून कपडे बदलतो, आत येताना तू देशील ते घालतो. खोकं नाही, कागद नाही, वर्तमानपत्रसुद्धा आणत नाही. माझ्या तोंडून हे असं भराभर निघत होतं आणि मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता. आयुष्यात मी कुणापुढे गयावया केली नव्हती.

माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "उणे अठरा. एक आठवडा. सगळं सीलबंद पिशव्यांत. आणि कपडे गॅरेजमध्ये."

"गॅरेजमध्ये."

"मग ये, टोर्लाइफ. खरंच ये. इल्वाला आजोबा हवेतच."

अपमान वगैरे तेव्हा काही वाटला नाही. मला इतका आनंद झाला की मी जिना चढून गुनवोरकडे गेलो आणि तिला मिठी मारली. असं मी कधी करत नाही, त्यामुळे ती घाबरली.

फेब्रुवारीच्या शेवटी फ्रीझर रिकामा केला. मूस हरणाचं मांस, लिंगोनबेरी, मार्गिटने स्वतःच्या हाताने डब्यावर नाव लिहिलेला पिवळ्या बेरींचा शेवटचा डबा, सगळं गुनवोरच्या फ्रीझरमध्ये गेलं. त्या जागी माझा बुनाड गेला. सणासमारंभाचा लोकरीचा पोशाख हा, भरतकामाचं जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार, चांदीची बटणं. तो मी लग्नात घातला होता आणि मार्गिटच्या अंत्ययात्रेत. मग मोजे, अंतर्वस्त्रं, बूट. आणि सगळ्यात वर झबलं, तीन पिशव्यांत. ते कपाटात वरच्या फळीवर पुठ्ठ्याच्या पेटीत, पातळ कागदात गुंडाळलेलं असायचं. पेटी मी सोडून दिली. झबलं उलगडून बघायचा धीर झाला नाही. होतं तसं घडी घातलेलं उचललं आणि पिशवीत सरकवलं.

गुनवोरने झाकण उघडून आत पाहिलं.

"रविवारी जेवायला काय मग? विजार की मोजे?"

"हस तू."

"हसतेच. बटाट्यांबरोबर विजार बरी लागेल."

आठवडाभर मी रोज सकाळी फ्रीझरचं तापमान बघत होतो. उणे वीस. मला त्या आकड्याचं फार समाधान वाटायचं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच असं काही होतं जे मी करत होतो आणि ते होत होतं.

गुरुवारी सकाळी, विमानाच्या दोन दिवस आधी, झबलं बाहेर काढलं. ओल सुटू नये म्हणून पिशवीत तसंच ठेवून खोलीच्या ऊबेला येऊ दिलं. मग स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, स्वच्छ चादर पसरली आणि घडी उलगडली. मार्गिट प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर झबलं धुवायची, बटाट्याच्या पिठाची खळ द्यायची, इस्त्री करून ठेवायची. अजून ते कडक होतं. एक घडी, दुसरी घडी. शेवटच्या घडीत, नावांच्या पट्टीवर, ती होती. मेलेली. शेपटी सरळ, पाय आखडलेले. आणि तिच्या शेजारी कापड खाल्लेलं होतं. मार्गिटच्या धाकट्या भावाच्या नावाची दोन अक्षरं गेली होती, तिथे बारीक जाळी झाली होती.

म्हणजे आमच्या झबल्यालाही लागली होती. मार्गिटने इतक्या मायेने दिलेली खळच ती खात बसली होती. मला रडू येईल असं वाटलं. पण मग माझ्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला: मेली आहे! फ्रीझरने मारली. सांगितलं तसं केलं, आणि सांगितलं तसं झालं. मी खुर्चीवर चढून वरून नीट फोटो काढला, कसर आणि जाळी दोन्ही दिसतील असा, आणि दोघांना पाठवला. खाली लिहिलं, "फ्रीझरने काम फत्ते केलं! पक्की मेलीय. शनिवारी भेटू." अंगठा वर केलेलं चित्रही जोडलं.

ही आनंदाची बातमी आहे असं मला मनापासून वाटत होतं.

दहा मिनिटांत योस्टाइनचा फोन आला. कामावरून.

"टोर्लाइफ, ती मेली हे चांगलंच झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण ती झबल्यात होती."

"होती. आता मेली."

"अंडी?"

"अंडीही मरतात. तूच म्हणालास."

"बहुतेक मरतात, असं म्हणालो. हे बघ, दर आठवड्याला माझ्यासमोर माणसं रडतात. सगळे हेच म्हणतात, आम्ही सगळं केलं होतं."

"मग अजून एक आठवडा ठेवतो."

"रविवारी बाप्तिस्मा आहे."

"मग अजून काय करू ते सांग! उकळू? जाळू?" मी ओरडलो. त्याने मला उलट चार शब्द सुनावले असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो. तो फक्त म्हणाला, "सॉरी, टोर्लाइफ."

संध्याकाळी सुनिवाचा फोन आला. ती रडलेली होती. लहानपणापासून रडली की तिचं नाक असंच बंद होतं.

"बाबा, तू दाखवलंस कशाला?"

"म्हणजे?"

"झटकून टाकायची होतीस ना. मेलेली होती. कुणाला कळलं असतं? मी तिला ते झबलं घातलं असतं, तू तिला उचललं असतंस, झालं असतं सगळं. आता योस्टाइनने फोटो बघितलाय. मीसुद्धा बघितलाय. डोळे मिटले की तेच दिसतंय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती बरोबर बोलत होती. आणि तरी, पुन्हा तसंच झालं तर मी काय करीन? पुन्हा खुर्चीवर चढून फोटो काढीन. मी असा आहे आणि याला काही इलाज नाही.

"योस्टाइनच्या आईकडे झबलं आहे," ती म्हणाली. "यावेळी ते घालू. तू ये मात्र. हॉटेलमध्ये खोली घेऊन ठेवलीय. चर्चमध्ये तर येशील ना? चर्चला काय होतंय."

"आणि नंतर? घरी?"

"घरी..." ती थांबली. "बघू."

'बघू' म्हणजे काय ते मी समजलो. मी तिच्या लहानपणी हजार वेळा बघू म्हटलं होतं.

झबलं पुन्हा तीन पिशव्यांत घातलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवायचं ते सुचेना.

शनिवारी विमानात बसलो आणि तिथे ते सुरू झालं. मानेवर, कॉलरच्या आत, काहीतरी चालल्यासारखं. हात घातला, काही नाही. मग पोटरीवर. मग काखेत. शेजारच्या बाईने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि खिडकीकडे सरकली. शौचालयात जाऊन शर्ट काढून झटकला. काही नव्हतं. जागेवर येऊन बसतो तर पुन्हा मानेवर. आल्टाच्या हॉटेलात पोचल्यावर कपडे पिशवीत बांधून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवले, अर्धा तास गरम पाण्याखाली उभा राहिलो, बुनाड पिशवीतून काढला तो थेट सकाळी. तरी ते चालणं थांबलं नाही. ते खरं नाही हे मला कळत होतं. कळून काय उपयोग?

रविवारी उणे एकोणीस होतं. चर्चच्या आत शिरल्यावर कोट खुंटीला टांगला, दुसऱ्यांच्या कोटांपासून लांब. योस्टाइनकडची माणसं आधीच आलेली होती. विहीणबाई बूदिल बुनाडमध्ये, छातीवर चांदीचे दागिने छमछमत. तिने मला दोन्ही हातांनी धरून हलवलं. "टोर्लाइफ! शेवटी आलास बाबा! किती वाळलास!" तिला काही सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे. मी एक पाऊल मागे झालो.

आणि मग सुनिवा दिसली. दाराच्या आतल्या बाजूला, इल्वाला घेऊन. इल्वाच्या अंगात परकं झबलं होतं, सुंदरच होतं ते, गुलाबी रिबिनीचं. फोनमध्ये ती लहान दिसायची. प्रत्यक्षात चांगली गोल, गुबगुबीत होती आणि भुवया हुबेहूब मार्गिटच्या. आत ऑर्गन सुरू झाला. धर्मगुरू दाराशी येऊन थांबल्या.

सुनिवा सरळ माझ्याकडे चालत आली.

"घे," ती म्हणाली.

"काय?"

"काय काय? हिला घे. पुढे तू न्यायचंस."

"अगं, झबलं मी आणलं नाही. रिवाज..."

"रिवाज गेला खड्ड्यात. आईने मला पण सांगितलं होतं. बाळ बाबांच्या हातात द्या, नाहीतर ते कोपऱ्यात उभे राहतील. घे ना."

मी योस्टाइनकडे पाहिलं. तो तिच्या मागे उभा होता, डोळे लाल, रात्रभर न झोपल्यासारखे. काय बोलणं झालं होतं दोघांत कोण जाणे. त्याने मान हलवली. "घे, टोर्लाइफ," तो म्हणाला. "खरंच घे."

कुणीही मला अडवत नव्हतं. दोन वर्षं ज्या क्षणासाठी जगलो तो समोर, दोन हातांवर. इल्वाने माझ्या चांदीच्या बटणांकडे बघून हाताची मूठ उघडली. मी हात पुढे केले. आणि तेव्हाच उजव्या बाहीच्या आत, मनगटाच्या वर, काहीतरी हळूच सरकलं.

मी हात मागे घेतले.

"बाबा?"

"नको," मी म्हणालो. "नको, सुनिवा. मी घरून आलोय."

"बाबा, काही नाहीये तुझ्या अंगावर!"

"तुला काय माहीत? बाहीत आहे. आत्ता चालली." मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. "तिच्या अंगावर गेली तर? तुमच्या घरात गेली तर? बूदिल, तू घे. घे गं, लवकर घे."

सुनिवाच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. ती तशीच उभी राहिली, बाळ पुढे धरून, बराच वेळ. धर्मगुरू हलक्या आवाजात म्हणाल्या, "निघायचं का?" योस्टाइन पुढे झाला, माझ्या खांद्याला हात लावायला त्याने हात उचलला, आणि मीच बाजूला सरकलो. शेवटी बूदिलने इल्वाला घेतलं. दागिने छमछमले. सगळे पुढे गेले.

मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. एकटा. पुढून आवाज येत होता, देवाचं नाव, मग प्रश्न, मग सुनिवाचं बंद नाकातून आलेलं उत्तर. मला राहवेना. बाकाखाली वाकून मी बाहीचं बटण सोडलं, कापड उलटं केलं, शिवण बोटांनी चाचपली, टोकापासून कोपरापर्यंत, मग पुन्हा. चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून चष्मा शोधला, लावला, आणि तिसऱ्यांदा पाहिलं. काही नव्हतं. लोकरच होती नुसती, स्वच्छ, अजून थोडी गार.

मी मान वर केली तेव्हा पाणी घालून झालं होतं. बूदिल इल्वाचं डोकं पांढऱ्या फडक्याने टिपत होती.